शिक्केवाल्यांचं डावं-उजवं

शिक्केवाल्यांना रस्ता विचारू नये, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. त्यात त्यांचा वाईट हेतू मुळीच नसायचा. माणूस इतका अगत्याचा, की कोणी विचारलं तर हातातलं काम टाकून दारापर्यंत यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि नीट समजावून सांगायचे. फक्त जिथे उजवीकडे वळायचं तिथे डावीकडे सांगायचे. टपाल वाटणारा नवख्या माणसाच्या कानात हळूच सांगायचा, की त्यांचं पूर्ण ऐकून घ्या, आभार माना आणि बरोबर दुसऱ्या बाजूला जा.

हा दोष जन्माचा नव्हता, धंद्यानं लावलेला होता. चाळीस वर्षं ते रबरी शिक्के हातानं कोरत आले. शिक्का उलटा कोरावा तेव्हा तो कागदावर सुलटा उमटतो. दवाखाने, शाळा, वकील, सगळ्यांची नावं त्यांनी शेपटाकडून डोक्याकडे कोरली होती. समोर चित्र आलं, की ते मनातल्या मनात आरशात धरायचं आणि मग हात चालवायचा, ही सवय इतकी मुरली होती की हात आता डोक्याला विचारायच्या भानगडीत पडत नसे. यंत्रं शिक्के करायला लागली, तरी खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं, चाकांची फिरती खुर्ची होती, आणि महिन्याकाठी दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं अजून यायची.

चाळीस वर्षांत त्यांचा एकच शिक्का चुकला. वाचनालयात नुकतीच लागलेली एक मुलगी 'वाचनालयाची प्रत' असा शिक्का करून घ्यायला आली होती. शिक्केवाले तेव्हा तरुण होते आणि मुलगी टेबलासमोरच्या बाकावर बसून पुस्तक वाचत होती. त्यांनी अक्षरं झकास कोरली, पण सुलटी कोरली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी चौदा पुस्तकांवर उलटा ठसा उमटवून परत आली. शिक्केवाल्यांना वाटलं, आता काही खरं नाही. तिनं ठशाचा कागद खिडकीच्या उजेडावर मागच्या बाजूनं धरला, वाचला आणि हसली. नवा शिक्का तिनं नेलाच, पण जुनाही परत दिला नाही. वर्षभरात दोघांचं लग्न झालं.

तीस वर्षं त्या मुलीनं वाचनालय सांभाळलं. टेबलामागून ती दिवसभर एकच शब्द बोलायची, म्हणून वाचकांनी तिचं नाव शांतताबाई ठेवलं. निवृत्त झाल्यावर, इतकी वर्षं गिळलेला आवाज एकदाचा बाहेर काढावा असं बाईंना वाटलं असणार. त्या सरळ गायनवृंदात जाऊन दाखल झाल्या.

वृंद चालवायचे दातांचे डॉक्टर. "तोंड उघडा. अजून. अजून थोडं," हे ते आठवडाभर खुर्चीतल्या पेशंटला सांगायचे आणि रविवारी तेच चाळीस गाणाऱ्यांना. वृंदात दोन फळ्या होत्या, पहिला सूर आणि दुसरा सूर. शब्द तेच, पण चाल वेगळी, आणि दोन्ही एकाच वेळी गायच्या. बाई दुसऱ्या सुरात होत्या. त्यांचा आवाज गोड होता, ताल पक्का होता. फक्त शेजारी पहिला सूर जोरात लागला की बाई आपली चाल सोडून नकळत तिच्यामागे निघून जायच्या. गेल्या वर्षी याच कारणावरून डॉक्टरांनी त्यांना कार्यक्रमातून वगळलं.

त्या दिवशी बाई घरी आल्या, कार्यक्रमासाठी शिवलेल्या निळ्या पोशाखावर प्लास्टिकची पिशवी परत चढवली, तो कपाटात टांगला आणि चहा टाकला. आपण काहीतरी बोलायला हवं, असं शिक्केवाल्यांना वाटलं. ते म्हणाले, "बरंच झालं. दोन तास उभं राहून पाय दुखले असते." बाईंनी कप पुढे ठेवला आणि गाळणी धुवायला घेतली. हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, याचा विचार शिक्केवाले वर्षभर करत होते. शिक्का बिघडला तर रबर सोलून दुसरं चिकटवता यायचं. इथे तशी सोय नव्हती, आणि विषय काढायची हिंमतही त्यांना झाली नाही.

या वर्षी डॉक्टरांनी युक्ती काढली. नवं गाणं त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलं, आणि ते असं की उजव्या कानात नुसता दुसरा सूर, डाव्या कानात नुसता पहिला. "उजव्या कानानं स्वतःचं शिका," ते बाईंना म्हणाले, "आणि डाव्या कानानं शेजारणीला सहन करायला शिका." दोन्ही चाली एकमेकींना कापत जायच्या, कधी ही वर कधी ती, त्यामुळे आपली कोणती हे नुसतं ऐकून ओळखणं कठीण. दोन आठवड्यांनी रविवारी परीक्षा. एकेकट्यानं उभं राहून गायचं, आणि जो शेजारच्याच्या चालीत घुसेल त्यानं कार्यक्रमाच्या दिवशी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या.

बाईंकडे हेडफोन होता. लेकीनं दिलेला, दोन्ही कानांवर मऊ गाद्या असलेला, लांब वायरीचा. सोमवारी सकाळी बाईंनी तो टेबलाच्या कडेवर ठेवला आणि आत गेल्या. वायर खाली लोंबत होती. शिक्केवाल्यांची कोरायची सुरी खाली पडली, ती उचलायला त्यांनी बसल्या बसल्या खुर्ची मागे ढकलली, आणि चाकाखाली काहीतरी कडकन वाजलं.

"काय मोडलं?" आतून बाईंचा आवाज आला.

"काही नाही."

"मग आवाज कसला?"

"खुर्चीचा."

"काय म्हणाली खुर्ची?"

शिक्केवाल्यांनी खाली बघितलं. मोबाइलमध्ये खुपसायची पिन काटकोनात वाकली होती आणि तिच्या मुळाशी वायर चपटी होऊन आतली तांब्याची तार बाहेर डोकावत होती. त्यांनी वायर उचलली, सरळ केली, पिन बोटांनी दाबून पाहिली. पिन हातात आली.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा पिनेकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. तीस वर्षं फाटक्या पानांची पुस्तकं परत आणणाऱ्या वाचकांकडे त्या असंच बघायच्या.

"दोन आठवडे आहेत," एवढंच त्या म्हणाल्या.

लेकीला फोन गेला. लेक शहराची बस चालवायची, आणि प्रवाशांच्या सुदैवानं आईवर गेली होती. ती गाडी शिकत होती तेव्हा बाईंनी एकच अट घातली होती, की शेजारच्या सीटवर बाबा बसणार नाहीत. ती म्हणाली, "नवा मागवते. चार-पाच दिवसांत येईल."

"चार-पाच दिवस!" शिक्केवाले फोनकडे वाकून म्हणाले. "आणि मी घरात असताना नवा? तीन तारा जोडायच्या आहेत, पूल नाही बांधायचा."

"बाबा, तुम्ही कधी जोडल्यात?"

"तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं कोरलीत मी. तारा काय चीज आहे?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. दोघी मायलेकींनी फोनच्या दोन टोकांना एकाच वेळी सुस्कारा सोडला.

मंगळवारी शिक्केवाले विजेच्या सामानाच्या दुकानातून नवी पिन, तारा डकवायच्या सोल्डरची गुंडाळी आणि तापवली की आवळून बसणारी काळी नळी घेऊन आले. पिनेच्या पाकिटात बोटभर लांबीचा कागद होता आणि त्यावर कोणती तार कुठे लावायची त्याचं चित्र. सोल्डरिंग आयर्न शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून उसनं आलं. टेबल पुसलं गेलं, दिवा खाली ओढला गेला, भिंग डोळ्याला लागलं. बाईंना खोलीत यायला बंदी झाली.

वायरीचं साल सुरीनं सोललं तेव्हा आत तीन तारा निघाल्या, एक लाल, एक हिरवी आणि एक उघड्या तांब्याची. केसासारख्या बारीक. लाल-हिरव्या रंगातून वीज जाईना आणि रंगावर सोल्डर बसेना. त्यांनी रंग खरवडायला सुरी लावली, तर लाल तारेतले निम्मे केसच गळून पडले. त्यांनी वायर पुन्हा कापली, पुन्हा सोलली. या वेळी तारांची टोकं तापलेल्या टोकानं हलकेच भाजली, रंग जळून गेला आणि सोल्डर पाण्यासारखं पसरलं. शिक्केवाले खूष झाले. त्यांनी तिन्ही तारा लावल्या, फुंकर मारली, आणि मग त्यांना पिनेची टोपी टेबलावर तशीच पडलेली दिसली. ती आधी वायरीत ओवायची असते.

"झालं का?" बाहेरून विचारणा झाली.

"होत आलंय," असं म्हणून त्यांनी तिन्ही तारा परत सोडवल्या.

दुसऱ्यांदा टोपी आधी ओवली, काळी नळी ओवली, मग कागद दिव्याखाली धरला. डावीकडच्या पायाला हिरवी, उजवीकडच्या पायाला लाल, मधल्या लांब पायाला तांब्याची, असं चित्र होतं. त्यांनी चित्राकडे नीट बघितलं, भिंगातून दोनदा बघितलं, आणि मग हातानं डोक्याला न विचारता आपलं काम उरकलं. तीन स्वच्छ, गोल, चकचकीत डाग पडले. नळी तापून आवळली, टोपी फिरून बसली. त्यांनी पिन रेडिओत खुपसली आणि हेडफोन कानाला लावला. दोन्ही कानांत गाणं वाजलं. आणखी काय तपासायचं असतं?

बाईंनी हेडफोन घातला, डॉक्टरांचं गाणं लावलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग हेडफोन काढला, हातात फिरवला, परत घातला आणि डोळे मिटून ऐकायला लागल्या.

"चष्म्याची काडी टोचते का?" शिक्केवाल्यांनी विचारलं.

"हं," बाई म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडवल्यासारखं त्या हसल्या. "अगदी तुमच्यासारखं झालंय."

शिक्केवाल्यांची छाती फुगली. इतकी स्पष्ट स्तुती बाईंच्या तोंडून गेल्या दहा वर्षांत झाली नव्हती. आयर्न परत करायला ते स्वतः गेले आणि रेडिओवाल्याला अर्धा तास सोल्डरिंग शिकवून आले.

त्यानंतर घराला गाण्याची शिस्त लागली. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास बाई आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या. गाणं त्यांच्या कानात, आवाज मात्र घरभर. मधला रविवारही तसाच गेला, कारण डॉक्टर परगावी होते आणि तालीम नव्हती. शिक्केवाल्यांना नुसतीच बाईंची चाल ऐकू यायची, फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकावी तशी. पहिल्या दिवशी ती त्यांना अर्धवट वाटली, चौथ्या दिवशी आवडायला लागली, आणि सातव्या दिवशी शिक्का कोरता कोरता ते स्वतःच गुणगुणायला लागले.

"तुम्ही नका गाऊ," आतून आवाज आला. "शेजारणी काय कमी आहेत मला?"

त्यांनी तोंड मिटलं, पण मनातल्या मनात चाल चालूच होती. बाई कुठे श्वास घेतात, कुठे सूर जरा धरून ठेवतात, सगळं त्यांना पाठ झालं होतं. ही चाल आपण दुरुस्त केलेल्या वायरीतून आली, या विचारानं त्यांना फार बरं वाटायचं. पायांबद्दलचं ते वाक्य आता थोडंसं फिटेल, असंही वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाई नेहमीसारख्या वाचनालयात पुस्तक बदलायला गेल्या. थोड्या वेळानं लेक आली. तिची दुपारची पाळी होती. आईची वाट बघत ती पलंगावर आडवी झाली, हेडफोन कानाला लावला आणि मोबाइलवर कसलातरी पाठलागाचा सिनेमा लावला. दोन मिनिटांत उठून बसली. हेडफोन काढून तिनं गाद्यांच्या आतली डाव्या-उजव्याची खूण बघितली.

"बाबा, मोटार डावीकडे जाते आणि आवाज उजवीकडे जातो."

"सिनेमावाले हल्ली काहीही करतात."

"सिनेमावाले नाही. पिन कोणी बसवली?"

शिक्केवाल्यांनी खणातून तो बोटभर कागद काढला, पिनेची टोपी फिरवून उघडली आणि भिंग लावलं. चित्रात हिरवी तार डाव्या पायाला होती. पिनेवर ती उजव्या पायाला होती, लाल तार डाव्या पायाला, आणि डाग फार सुंदर होते. चाळीस वर्षं प्रत्येक चित्र आरशात धरणाऱ्या हातानं हेही चित्र आरशात धरलं होतं.

उजव्या कानात डाव्याचं गेलं होतं. बाईंनी अकरा दिवस, रोज तीन तास, उजव्या कानानं शिकलं होतं. म्हणजे त्यांनी पाठ केलेली ती सुरेख चाल पहिल्या सुराची होती, शेजारणीची होती. उद्या बाई डॉक्टरांपुढे एकट्या उभ्या राहणार, तोंड उघडणार आणि बरोबर तीच चूक करणार, जिच्यामुळे गेल्या वर्षी घरी आल्या होत्या. या वेळी चूक त्यांची नसणार. त्यांना ती आपलीच वाटणार.

"आईला सांगून टाका," लेक म्हणाली. तिचं हसू आता मावळलं होतं.

"सांगतो. पण आधी नीट करतो. रिकाम्या हातानं काय सांगू?"

रेडिओवाल्याकडून आयर्न पुन्हा आलं. या वेळी उलटं कोरण्याची खोड मोडायला शिक्केवाल्यांनी अशी शक्कल लढवली, की लेक बघतच राहिली. त्यांनी दाढीचा आरसा टेबलावर उभा केला आणि चित्राचा कागद आरशासमोर धरला. कागदाकडे न बघता ते आरशातल्या उलट्या चित्राकडे बघू लागले. हातानं सवयीप्रमाणे ते उलटवलं, आणि हिरवी तार डाव्या पायाला गेली, लाल उजव्या. लेकीनं सिनेमा लावून पाहिला. मोटार ज्या बाजूला, आवाज त्या बाजूला. "जमलं," ती म्हणाली, आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघाली. दारातून वळून म्हणाली, "आज सांगायचं. उद्या नाही."

बाई आल्या तेव्हा शिक्केवाले टेबलावर हात ठेवून बसले होते. त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. बाईंनी चपला काढल्या, पुस्तक ठेवलं, पाणी प्यायल्या, हेडफोन उचलला आणि "शेवटचं एकदा म्हणून बघते" म्हणत आत गेल्या. शिक्केवाल्यांचं ठरवलेलं सगळं सांगायचंच राहिलं.

आतून गाणं सुरूच झालं नाही. दार उघडलं. बाई हेडफोन कानांवर तसाच ठेवून बाहेर आल्या.

"अहो, आज माझा सूर डाव्या कानात का येतोय?"

शिक्केवाल्यांनी चित्राचा कागद पुन्हा उचलला. "म्हणजे अजून उलटंच? अगं, पण आरशात धरून केलं! लेकीनं तपासलं. मोटार नीट गेली!"

"कुठली मोटार?"

मग मात्र त्यांचा बांध फुटला. वायर, लाल तार, हिरवी तार, सिनेमा, आरसा, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. "अकरा दिवस तू शेजारणीची चाल पाठ केलीस, माझ्यामुळे. उद्या मी येतो तुझ्याबरोबर. डॉक्टरांना सांगतो, की ही माझी चूक आहे, हिला आणखी एक आठवडा द्या. हवं तर माझे दात काढा म्हणावं." ते थांबले. "आणि गेल्या वर्षी मी ते पायांचं बोललो. मला ते म्हणायचंच नव्हतं. मला म्हणायचं होतं, की फार वाईट झालं, तू तिथे उभी असायला हवी होतीस. तोंडातून उलटं आलं."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर घेतला. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत असं शिक्केवाल्यांना वाटलं आणि ते घाईघाईनं उठले. जवळ गेल्यावर कळलं, की बाई हसतायत.

"गाणं सुरू व्हायच्या आधी डॉक्टर स्वतः बोलतात," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "एका कानात म्हणतात, 'हा उजवा कान, दुसरा सूर.' दुसऱ्या कानात म्हणतात, 'हा डावा कान.' तुम्ही वायर जोडून दिलीत त्या दिवशी 'उजवा कान' मला डाव्या कानात ऐकू आलं. म्हटलं, आमच्या माणसाचं काम आहे. हेडफोन उलटा करून घातला, डावी गादी उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर. झालं. अकरा दिवस उलटाच घालतेय. आज तुम्ही तारा सुलट्या केल्यात आणि मी सवयीनं उलटाच घातला, मग येणार नाही का डाव्या कानात?"

शिक्केवाल्यांना हे डोक्यात नीट लावून घ्यायला थोडा वेळ लागला. उलट्याचं उलटं काय होतं, हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, तरी लागला. "म्हणजे तू तुझीच चाल शिकलीस?"

"माझीच."

"मी रोज गुणगुणत होतो ती?"

"तीच. आणि बेसूर."

"मग त्या दिवशीच बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूष होता! रेडिओवाल्याला शिकवायला निघाला होता. आणि बोलायचं काय त्यात? तुमचं उलटं मला पहिल्या शिक्क्यापासून वाचता येतं."

शिक्केवाले तिथेच पलंगाच्या कडेवर टेकले. जीव भांड्यात पडला होता, पण एक गोष्ट विचारायची राहिली होती. ती विचारताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही.

"ते पायांचंही वाचलं होतंस?"

"त्याच दिवशी. चहा गाळता गाळता."

"मग वर्षभर गप्प का?"

"कधीतरी सुलटं बोलाल म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या. "बोललात."

त्या उठल्या, हेडफोन सुलटा कानावर चढवला आणि आत गेल्या. दार त्यांनी त्या दिवशी लोटलं नाही.

रविवारी डॉक्टरांनी बाईंना पुढे उभं केलं, मुद्दाम बाजूला पहिल्या सुराची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई उभी केली, आणि दोनदा गाऊन घेतलं. मग म्हणाले, "निळा पोशाख आहे ना तुमच्याकडे?" घरी आल्यावर बाईंनी कपाट उघडलं आणि प्लास्टिकची पिशवी काढून कचऱ्यात टाकली.

कार्यक्रमाच्या दिवशी निघताना त्यांनी नवऱ्याला बजावलं. "पहिल्या रांगेत, उजवीकडच्या टोकाच्या खुर्चीवर बसा. मला तुम्ही दिसायला हवेत."

सभागृहात आल्यावर शिक्केवाले पेचात पडले. उजवीकडे म्हणजे कुणाच्या? मंचावर उभ्या असलेल्या बाईंची उजवी बाजू ही खाली बसणाऱ्याची डावी. ते आधी एका टोकाला बसले. मग उठून दुसऱ्या टोकाला गेले. मग त्यांना वाटलं, बाई हुशार आहे, तिनं आपल्या बाजूनं विचार करून सांगितलं असणार, म्हणून परत आले. मग वाटलं, आपल्याला जे बरोबर वाटतं ते उलटं असतं, हा हिशेब तिनं धरला असेल तर?

"बाबा, आता बसा एका जागी," लेक म्हणाली. "लोक बघतायत."

शेवटी कोणत्या टोकाला बसलो, हे शिक्केवाल्यांना विचारलं असतं तरी नीट सांगता आलं नसतं. पडदा सरकला. निळ्या पोशाखातली चाळीस माणसं दोन रांगांत उभी होती. मागच्या रांगेत मधोमध बाई होत्या, केस नीट बांधलेले, हात बाजूला. डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांची नजर त्या हातांवर गेली. बाईंनी मात्र त्याआधी एकदा रांगेकडे बघितलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, कुठे शोधलं नाही. सरळ शिक्केवाले बसले होते त्याच खुर्चीकडे बघितलं, किंचित हसल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या.

मग त्यांनी तोंड उघडलं. अजून थोडं उघडलं. शिक्केवाल्यांना चाळीस आवाजांतून आपली चाल लगेच ओळखता आली, आणि लेकीनं कोपरानं ढोसेपर्यंत आपण ती मोठ्यानं गातोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.